पिशवी कपाटावर गेली, आता पुढे?

वाचकाचं पत्र :

ताई, सप्रेम नमस्कार.
माझे बाबा ८२ वर्षांचे आणि आई ७७ ची. दोघंच राहतात, इमारतीत तिसऱ्या मजल्यावर. मी चार तासांच्या अंतरावर असते. दोन महिन्यांपूर्वी त्यांच्या भागात रात्रीतून पाणी भरलं. तळमजला बुडाला, वीज गेली, लिफ्ट बंद पडली, दोघांच्या मोबाईलची चार्जिंग संपली. तब्बल १९ तास मला त्यांची काही खबर नव्हती. दोघं सुखरूप होते, पण ते १९ तास अजून माझ्या डोक्यातून जात नाहीत.

बाबांना मधुमेह आहे, इन्शुलिन घेतात. रक्त पातळ करणारी गोळीही चालू आहे. आईचे गुडघे गेलेत आणि ती कानाला मशीन लावते. मी इंटरनेटवरची यादी बघून एक आपत्कालीन पिशवी भरून पाठवली. बाबांनी ती कपाटावर टाकली आणि म्हणाले, ‘मला काय लढाईवर पाठवतेस? आम्ही याहून मोठे पूर पाहिलेत.’ आई गप्प बसली. त्यांच्या इमारतीत असे आणखी नऊ-दहा म्हातारे जीव आहेत. समोरच्या आजी तर ८६ वर्षांच्या आणि एकट्या, मदत हवी का म्हणून विचारलं की दारच लावून घेतात. सगळ्यांसाठी मिळून काही करावं असं मनात आहे. कुठून सुरुवात करू? आणि बाबांना कसं पटवू?
— काळजीत पडलेली मुलगी

उत्तर :

अगं, बाबांचं ते लढाईचं वाक्य वाचून मला आधी हसूच आलं. मी स्वतः एकाहत्तरीची आहे. माझ्या मुलानंही मला अशीच एक पिशवी पाठवली होती आणि तीही सहा महिने कपाटावरच होती. एका दुपारी काढली आणि सहज वजनकाट्यावर ठेवली. साडेआठ किलो! मला दोन किलोचं ओझं घेऊन जिना उतरताना कठडा सोडवत नाही. आत शिट्टी, होकायंत्र, दोरीचं भेंडोळं आणि तीन भाषांतलं माहितीपत्रक. जादा चष्मा नाही, बीपीच्या गोळ्या नाहीत. होकायंत्र घेऊन मी कुठे जाणार होते, देव जाणे.

त्या याद्या वाईट नसतात, पण त्या डोंगर चढायला निघालेल्या तिशीतल्या माणसाच्या असतात. तेव्हा पिशवी कपाटावर टाकली म्हणून बाबांवर रागावू नकोस. पिशवीकडे आपण नंतर येऊच. आधी बाबा.

‘आम्ही याहून मोठे पूर पाहिलेत’ हा तुला नकार वाटला. मला त्यात त्यांचं भांडवल दिसतं. इंडोनेशियातल्या सिमेलुए बेटावर १९०७ साली त्सुनामी आली होती. त्यातून वाचलेल्यांनी मुलाबाळांना, नातवंडांना एक गोष्ट सांगत ठेवली : जमीन जोरात हलली आणि समुद्र मागे हटला की काही गोळा करत बसू नका, टेकडीकडे पळा. तिथले लोक त्याला ‘स्मॉन्ग’ म्हणतात. २००४ च्या डिसेंबरात त्याच समुद्रात महाभयंकर त्सुनामी आली. त्या बेटाची वस्ती तेव्हा सत्तर हजारांच्या वर होती आणि लाटेत माणसं गेली फक्त ७. ना भोंगा होता, ना मोबाईलवरची सूचना. म्हाताऱ्यांनी सांगितलेली गोष्ट कामाला आली. तेव्हा बाबांना आधी विचार की तो मोठा पूर नेमका कसा होता. पाणी कुठून शिरलं, किती वेळात चढलं, कोण कुणाला उचलून घेऊन गेलं, काय हाताशी नव्हतं म्हणून अडलं. वही घेऊन बस आणि लिहून घे. पटवायला आलेल्या माणसाला दार बंद असतं, ऐकायला आलेल्याला खुर्ची मिळते.

मात्र अनुभवाची एक खोड असते, तीही त्यांच्याशी बोल. ‘मागच्या वेळी पाणी त्या पायरीपर्यंतच आलं होतं’ हे वाक्य मी फार ऐकलंय आणि ते भलतं धोक्याचं असतं. पाणी मागची पायरी लक्षात ठेवत नाही. शिवाय पूर तेव्हाचाच आला तरी गुडघे तेव्हाचे राहिलेले नसतात. हे बाबांना सरळ म्हणालीस तर ते चिडतील. आईला म्हणू दे. ती गप्प आहे याचा अर्थ तिला सगळं मान्य आहे असा काढू नकोस. मी पस्तीस वर्षं वॉर्डात सिस्टर होते. गप्प बसणाऱ्या बायकांच्या मनात काय काय साठलेलं असतं ते रात्रपाळीत कळायचं. आईशी एकदा वेगळं बोल.

आता मुद्द्याचं. तुझ्या यादीत टॉर्च आहे, रेडिओ आहे, पण माणूस नाही. वृद्धांच्या तयारीत पहिली नोंद माणसाची लागते, आणि तोही पाच मिनिटांत चालत पोचेल असा. १७ जानेवारी १९९५ ला पहाटे जपानमधल्या कोबे शहरात भूकंप झाला. ढिगाऱ्यातून जिवंत निघालेल्या बहुतेकांना घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनीच बाहेर काढलं, कारण बचाव पथकं सगळीकडे एकाच वेळी पोचू शकत नव्हती. ऑगस्ट २००३ मध्ये फ्रान्समध्ये उष्णतेची लाट आली आणि सुमारे १५,००० माणसं दगावली. त्यांत फार मोठा भरणा म्हाताऱ्यांचा, आणि कितीतरी जण घरात एकटे. सुट्टीचा महिना, मुलं बाहेरगावी, शेजार रिकामा. त्या लाटेत भिंती पडल्या नाहीत, रस्ते वाहून गेले नाहीत. दिवसातून दोनदा दार वाजवून ‘पाणी प्यायलात का’ एवढं विचारणारं कुणी असतं तर त्यांतले बरेच वाचले असते. वय वाढलं की तहानच कमी लागते, घामही कमी येतो. उन्हाळ्यात माझीही बाटली संध्याकाळपर्यंत तशीच भरलेली असते.

म्हणून आईबाबांसाठी दोन नावं पक्की कर. एक त्याच इमारतीतलं, शक्यतो त्याच मजल्यावरचं किंवा एक मजला वरचं. दुसरं जवळपास राहणारं, पण त्या इमारतीबाहेरचं, कारण इमारतच अडचणीत आली तर पहिला माणूसही त्यांच्यासारखाच अडकलेला असेल. या दोघांना ‘लक्ष ठेवा हं’ असं म्हणू नकोस. ते वाक्य सगळे सगळ्यांना म्हणतात आणि लक्ष कुणीच ठेवत नाही. काम नेमून दे : वीज गेली, पाणी भरायला लागलं, आग लागली, जमीन हलली, तर स्वतःचं घर सुरक्षित आहे एवढं बघून अर्ध्या तासात यांचं दार गाठायचं.

आणि दार गाठल्यावर काय? इथे तुझ्या पत्रातली एक ओळ मला बोचतेय. आई कानाला मशीन लावते. झोपताना ते काढून ठेवत असणार. म्हणजे रात्री दोन वाजता शेजारच्या मुलानं दार बडवलं तरी तिला ऐकू येणार नाही, भोंगाही नाही. बाबांची झोप कशी आहे ते तुला माहीत. तेव्हा त्या शेजाऱ्याकडे किल्ली हवीच. किल्ली दिल्यावर दुसरं एक बघ : आतली कडी. आपल्या पिढीला झोपताना कडी, वरची खिटी, साखळी असं सगळं लावायची सवय आहे, आणि मग बाहेरच्या किल्लीचा उपयोग शून्य. माझ्या ओळखीच्या एका काकांचं दार तोडायला दोन माणसांना चाळीस मिनिटं लागली होती, किल्ली हातात असताना. बाहेरून उघडतं असं चांगलं कुलूप बसवून द्या आणि कडीला सुट्टी. बाबा कुरकुरतील. कुलूप त्यांना निवडू दे.

त्या १९ तासांबद्दल. अशा वेळी सगळे एकदम फोन लावतात, त्यामुळे लागत नाहीत. साधा एसएमएस मात्र बरेचदा जातो, जागा मिळाली की निघतो. तेव्हा ठरवून टाका की गडबड झाली की फोन लावत बसायचं नाही, एक शब्द पाठवायचा : ‘ठीक’. तो तुला नाही पोचला तर तिसऱ्या गावातल्या एका नातेवाइकाला पोचू दे. दूरच्या गावाशी संपर्क अनेकदा सोपा जातो, आणि सगळ्यांनी त्या एकाच माणसाकडे चौकशी करायची. सहा जणांनी बाबांना सहा फोन केले की त्यांची बॅटरी तुम्हीच संपवता. पॉवर बँक घरात असेलच, पण महिन्यातून एकदा ती भरायचं काम कुणाचं, ते ठरवा. नंबर मोबाईलमध्ये असून उपयोग नाही, मोबाईलच बंद पडतो. मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून एक प्रत दाराच्या आतल्या बाजूला, एक बाबांच्या पाकिटात.

आता ये पिशवीकडे.

दोन गोष्टी वेगळ्या कर : घरातच राहायची वेळ आली तर काय लागेल, आणि घर सोडावं लागलं तर काय हातात घ्यायचं. तुमच्या त्या रात्री पहिली वेळ आली होती. घरातल्या साठ्यात माणशी रोजचे तीन-चार लिटर पाणी, किमान तीन दिवसांचं, म्हणजे दोघांचे वीस-पंचवीस लिटर झाले. ते कोण उचलणार? म्हणून पाणी पिशवीत भरायचं नाही, घरात लहान लहान बाटल्यांत ठेवायचं. पाच लिटरचा कॅन आईला वाकवता येणार नाही. खाणं न शिजवता खाता येईल असं हवं, आणि दातांना झेपेल असं. डबा सहज उघडतोय का, हे बाबांच्या हातानं करून बघ. संधिवातातल्या बोटांना ते सीलबंद झाकण म्हणजे तिजोरीच असते.

अंधारासाठी टॉर्च, मेणबत्ती नको. घरात किंवा शेजारी कुणी ऑक्सिजनवर असेल तर मेणबत्ती मुळीच नको. जनरेटर असेल तर तो घरात किंवा गॅलरीत चालवायचा नाही. त्याच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड वास न येता माणूस मारतो.

हातात घ्यायची पिशवी जास्तीत जास्त दोन किलोंची आणि खांद्यावर अडकवता येईल अशी, कारण एक हात कठड्याला लागतो आणि दुसरा काठीला. आत काय? आठवड्याच्या गोळ्या. जुना चष्मा, नंबर थोडा चुकलेला असला तरी चालेल. कानाच्या मशीनच्या बॅटऱ्या, स्टिकर न काढलेल्या, कारण तो निघाला की वापरा न वापरा, त्या उतरायला लागतात. कवळी असेल तर तिची डबी. डायपर किंवा पॅड लागत असतील तर ते, आणि हे विचारताना तू विचार, जावयाला विचारायला लावू नकोस. थोडे सुटे पैसे. ओळखपत्राची प्रत. बस्स.

आणि एक कागद. माझ्या मते पिशवीतली सगळ्यात किमती वस्तू हीच. नाव, वय, आजार, प्रत्येक गोळीचं नाव आणि मात्रा, कशाची ॲलर्जी, डॉक्टरांचा नंबर. बाबांची रक्त पातळ करणारी गोळी सगळ्यात वर, ठळक. पडून डोक्याला मार लागला आणि समोरच्या डॉक्टरला ही गोळी माहीतच नसली तर काय होतं ते मी पाहिलंय. वॉर्डात असे पेशंट यायचे. ‘कुठल्या गोळ्या घेता?’ ‘एक पांढरी, एक गुलाबी, छोटीशी.’ बाजारातल्या निम्म्या गोळ्या पांढऱ्याच असतात गं! ज्या गोळ्या अचानक बंद करणं धोक्याचं, म्हणजे रक्त पातळ करणारी, फिट्सची, स्टेरॉईड, हृदयाच्या काही, त्यांच्यावर खूण करून घ्या. कुठल्या ते डॉक्टरच सांगतील.

इन्शुलिनचं थोडं सविस्तर सांगते, कारण यात लोक घाबरून चुका करतात. न उघडलेलं इन्शुलिन फ्रीजमध्ये, दोन ते आठ अंशांत. वापरात असलेली कुपी किंवा पेन बहुतेक प्रकारांत साधारण चार आठवडे बाहेर चालतं, पण तीस अंशांखाली, उन्हात नाही. नेमके दिवस सोबतच्या कागदावर असतात. वीज गेली म्हणून लगेच फेकून द्यायची गरज नाही. फ्रीजचं दार उघडलं नाही तर आतला गारवा चारेक तास टिकतो. लोक काय करतात, इन्शुलिन थेट बर्फात ठेवतात. गोठलेलं इन्शुलिन वितळलं तरी निकामी, ते टाकूनच द्यायचं. आणि दुसरी बाजू : खायला मिळालं नाही आणि नेहमीचा डोस घेतला तर साखर उतरते. घाम, थरथर, बरळणं. अशा वेळी लोकांना वाटतं, भीतीनं झालंय. ग्लुकोज किंवा साखर उशाशी आणि पिशवीत, दोन्हीकडे. जेवण हुकलं तर डोसचं काय करायचं हे पुढच्या भेटीत डॉक्टरांना विचारून त्याच कागदावर लिहून घ्या.

पलंगाजवळ काय असावं हे कुणी फारसं सांगत नाही. बूट किंवा बंद चपला, टॉर्च, चष्मा, आईची काठी आणि कानाचं मशीन, सगळं हात लांब केला की मिळेल असं. भूकंपानंतर बरेच जण जखमी होतात ते अंधारात अनवाणी काचांवर पाय ठेवून. जमीन हलायला लागली आणि माणूस पलंगावर असेल तर तिथेच राहून उशीनं डोकं-मान झाकायची. आईनं गुडघ्यांवर टेबलाखाली शिरायचा प्रयत्न करू नये. खुर्चीत असेल तर तशीच पुढे वाकून डोकं हातांनी झाकायचं. व्हीलचेअर असेल तर आधी चाकं लॉक.

घर सोडायची वेळ आली तर म्हाताऱ्या माणसांनी सगळ्यांच्या आधी निघायचं. हे माझंच मत नाही. जपानमध्ये आपत्तीच्या इशाऱ्याचे पाच टप्पे असतात. २०२१ पासून तिसऱ्या टप्प्याचं नावच ‘वृद्ध वगैरेंनी निघावं’ अशा अर्थाचं आहे, बाकीच्यांनी चौथ्या टप्प्याला. त्यामागे अनुभव आहे. २०११ च्या तिथल्या भूकंप-त्सुनामीत गेलेल्यांपैकी दोन तृतीयांशांच्या आसपास साठीच्या पुढचे होते. अमेरिकेत २००५ च्या कॅटरिना वादळात लुइझियाना राज्यात जे गेले त्यांत जवळपास निम्मे पंच्याहत्तरीचे किंवा त्याहून मोठे. म्हणून इशाऱ्याचा कुठला शब्द ऐकला की निघायचं, हे बाबांनी आत्ता, उजेडात, खुर्चीत बसून ठरवावं. पाणी चढायला लागल्यावर ‘थोडं थांबून बघू’ हेच वाक्य तोंडात येतं. घरात मांजर-कुत्रं असेल तर त्याचंही ठरवा. कॅटरिनात कित्येकांनी प्राण्यांना सोडून जायचं नाही म्हणून घर सोडलं नाही, आणि पुढच्याच वर्षी अमेरिकेनं सुटकेच्या आराखड्यात पाळीव प्राणीही धरण्याचा कायदा केला.

कुठे जायचं? निवारा केंद्र हा शेवटचा पर्याय ठेव, त्याआधी कुणाचं तरी घर. वाईट म्हणून नाही सांगत. जमिनीवरची चटई, लांबचा संडास, रात्रभर दिवे. जमिनीवरून उठता येत नाही म्हणून माणूस उठतच नाही, संडास लांब म्हणून पाणी पीत नाही. २००४ मध्ये जपानच्या निगाता भागात भूकंपानंतर लोक दिवसेंदिवस मोटारींत झोपले, आणि पायात रक्ताच्या गाठी होऊन त्या फुप्फुसात गेल्यानं काही जण दगावले. जावंच लागलं तर आल्या आल्या खुर्ची मागायची, संडासाजवळची जागा मागायची, पाणी पीत राहायचं, तासाला चार पावलं टाकायची. मागायला लाजायचं नाही, हे आईला दहा वेळा सांग. आणि विसराळूपणा असलेलं कुणी बरोबर असेल तर चष्मा आणि कानाचं मशीन काही झालं तरी सोबत हवं. दिसत नाही, ऐकू येत नाही आणि जागा अनोळखी, मग रात्री त्यांचं भान सुटतं. असं माणूस उठून चालायलाही लागतं. नाव आणि एक नंबर कपड्याच्या आत शिवलेला बरा.

जिन्याचं एकदा करून बघा. लिफ्ट बंद आहे असं समजून तिसऱ्या मजल्यावरून खाली. माझ्या यजमानांना तीन मजले उतरायला अकरा मिनिटं लागली, दोनदा टेकून. आम्हाला वाटलं होतं चार. तो आकडा कळल्यावर ‘लवकर निघायचं’ म्हणजे किती लवकर, हे आपोआप ठरलं. आईला उतरवतच नाही असं दिसलं तर भक्कम खुर्चीत बसवून दोघांनी उचलून न्यायची तालीम करा, पहिल्यांदा एखाद्या धट्ट्याकट्ट्या पोराला बसवून.

इमारतीचं काम आता सोपं होईल, कारण घरचं करून झालेलं असेल. फ्रान्समध्ये त्या लाटेनंतर कायदा झाला की गावोगावच्या पालिकांनी एकट्या-दुबळ्या माणसांची नोंद ठेवावी, ज्याला यायचं असेल त्यानं नाव द्यावं. तुमचीही यादी तशीच हवी, विचारून केलेली. कोण कुठल्या मजल्यावर, चालता येतं का, कानाचं-डोळ्यांचं काय, विजेवर चालणारं उपकरण आहे का, दोन नावं कुठली. ऑक्सिजनचं यंत्र असेल तर ते विजेवर चालतं, सिलिंडर भरलेला आहे का तेही. एक विनंती : ही यादी इमारतीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. ‘अमुक आजी एकट्या असतात, किल्ली तमुककडे’ हे ऐंशी मोबाईलमध्ये कशाला? दोन विश्वासू माणसांकडे कागदावर, आणि वर्षातून दोनदा खाडाखोड.

जपानमध्ये काही वस्त्यांत एक छान पद्धत आहे. घरचे सुखरूप असतील तर दारावर पिवळा रुमाल लावायचा. ज्या दारावर रुमाल नाही तिथे आधी धावायचं. दहा वृद्धांच्या इमारतीला याहून स्वस्त आणि उपयोगी काही सुचत नाही मला. पण एकदा तालीम करा. पहिल्या वेळी निम्म्यांना रुमाल सापडणार नाही, हे मी पैजेवर सांगते.

समोरच्या आजी. त्या दार लावून घेतात, कारण त्यांच्याकडे आलेला प्रत्येक माणूस त्यांना काहीतरी द्यायला आलेला असतो. शहाऐंशीव्या वर्षी एकटं घर चालवणाऱ्या बाईला ते लागतं. त्यांना मदत देऊ नका, मागा. रोज सकाळी नऊ वाजता चार वृद्धांना फोन करून ‘उठलात का’ विचारायचं काम त्यांच्याकडे द्या. ‘आजी, तुमच्याइतकं नेमानं कुणाला जमणार नाही’ म्हणा, खोटंही नाही ते. चार जणांची खबर रोज मिळेल. आणि नवाला आजींचा फोन आला नाही तर चार घरांत एकदम कळेल की आजींकडे बघायला हवं. हे त्यांना समजावून सांगायची गरज नाही. त्या काही कमी हुशार नाहीत, कळेलच त्यांना. पण फोन त्या करतायत ना, मग चालतं.

बाबांनाही असंच एक काम हवं. रुमालाच्या तालमीचा दिवस कुठला, यादी कुणाकडे, जिन्यावर कठडा कुठे हलतोय, हे त्यांच्या हाती दे. पूर पाहिलेला माणूस आहे, त्याला पूर कळतो.

पुढच्या रविवारी फोन करशील तेव्हा पिशवीचं नाव काढू नकोस. कपाटावर आहे ती राहू दे, त्यातली टॉर्च तेवढी शेजारच्या कुणाकडून तरी उतरवून पलंगाजवळ ठेवून घे. आणि बाबांना एवढंच विचार : रात्री दिवे गेले तर पलंगावरून न उठता टॉर्चपर्यंत हात पोचतो का? बहुतेक ‘पोचतो’ म्हणतील. फोन चालू असतानाच डोळे मिटून करून बघायला सांग.